गिरणीत नांदती घरे : लोवेलचा हिशेब

कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली. गिरणी म्हटली की आम्हाला भोंगा, पाळी आणि सूतच आठवते. पण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल शहरी, मेरिमॅक नदीच्या काठी, जुन्या कापड गिरण्यांत आज कुटुंबे राहतात. हा सौदा कसा जमला, ते व्यापारी व कारागीर बांधवांनी जाणून घेण्यासारखे आहे.

लोवेल वसले तेच कापडासाठी. तेथे नदी सुमारे ३२ फूट खाली उतरते. ते पाणी कालव्यांतून फिरवून १८२० नंतरच्या दशकात गिरण्या चालू झाल्या. कापूस दक्षिणेतील गुलामांच्या हातचा, आणि मागावर शेतकऱ्यांच्या मुली, आठवड्याला सत्तरहून अधिक तास. मजुरी कापली म्हणून १८३४ साली त्यांनी संपही केला. पुढे धंदा स्वस्त मजुरीच्या दक्षिणेकडे सरकला. १८३५ साली स्थापन झालेल्या बूट गिरणीचे काम १९५० नंतरच्या दशकात थांबले.

१९७८ साली अमेरिकी काँग्रेसने लोवेलला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा दिला. बूट गिरणीच्या एका भागात आज संग्रहालय असून तेथे जुने माग चालवून दाखवतात. इतर भागांत कचेऱ्या आणि घरे आहेत.

या घरांना 'लॉफ्ट' म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरावरचा माळा तो हा नव्हे. उंच छत, उघड्या विटा, जाड लाकडी तुळया आणि भल्या मोठ्या खिडक्या, असे हे प्रशस्त दालन. खिडक्या मोठ्या, कारण मागावरचा तुटलेला धागा दिसायला उजेड हवा. मात्र मोठी खिडकी थंडीत खर्चात पाडते, लाकडी तक्तपोशीतून वरच्यांचा पायरव ऐकू येतो आणि रुंद इमारतीच्या मधोमध अंधार राहतो. नदीकाठ सुंदर खरा, पण १९३६ च्या पुराने हे शहर बुडवले होते.

आता नफ्याची बाजू. ऐतिहासिक म्हणून नोंदलेली इमारत नियमानुसार दुरुस्त करून भाड्याने दिली, तर मान्य खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा मिळते. मोठी अट ही, की इमारतीचा मूळ चेहरा बदलायचा नाही. त्यामुळे खरे काम कारागिराला मिळते. जुन्या मऊ विटेत कडक सिमेंट भरले तर वीटच फुटते. तेथे चुना जाणणारा गवंडीच लागतो. जुनी चौकट सांधायला मुरलेला सुतार लागतो.

मुंबईत काय झाले? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते; २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. बहुतेक ठिकाणी मॉल आणि मनोरे आले. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली.

लोवेलने भिंती राखल्या, हे कौतुकाचेच. पण इमारत वाचली म्हणजे कामगार वाचला असे नाही. ज्यांनी त्या भिंतींत घाम गाळला, त्यांच्या वारसांना त्या छताखाली भाडे परवडते का, हा सवाल दोन्ही शहरांना विचारावाच लागेल. आमचे कारागिरांना एवढेच सांगणे आहे, चुन्याचे आणि जुन्या लाकडाचे हुन्नर मुलांना शिकवून ठेवा. माग थांबला तरी हा हात थांबत नाही.