जपानीतला ‘का?’

आपल्या संभाजीनगरजवळ गाडीवाट नावाचं गाव आहे. २०१९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकाल? मुलं म्हणाली, जपानी. कारण? रोबोट आवडतात!

मोठं झालं की आपण आधी नोकरी, व्हिसा विचारतो. मी तिशीत निव्वळ मजेसाठी जपानी सुरू केली. घरचे अजून विचारतात, ‘उपयोग काय?’

आता गंमत ऐका. ‘मी चहा पितो’ म्हणजे ‘वाताशी वा ओचा ओ नोमिमासु’. क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. ‘मुंबईला’मधला ‘ला’ जसा नावामागून येतो, तसा त्यांचा ‘नि’. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी चक्क ‘का’! ‘येणार का?’ म्हणजे ‘किमासु का?’ हा निव्वळ योगायोग, पण कळलं तेव्हा मी रिक्षात एकटाच हसत होतो. ‘ओचा’ आणि ‘चहा’ मात्र खरे नातेवाईक, दोघांचं मूळ चिनी.

म्हणजे मराठी येणाऱ्याला वाक्याची घडी आयतीच मिळते. लिपी मात्र घाम काढते: हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना तेवढीच, वर कांजी. मी कांजीत कधीचा अडकलोय. परीक्षाच नाही, त्यामुळे नापास कोण करणार?

आज घरी विचारून बघा, ‘ओचा ओ नोमिमासु का?’ चहा घेणार का?