कीबोर्ड-माउसचे पोर्ट : जुने की नवे?

आयबीएमने १९८७ साली ‘पर्सनल सिस्टिम/२’ ही संगणकमालिका बाजारात आणली आणि तिच्यावरूनच कीबोर्ड व माउस जोडण्याच्या सहा पिनांच्या गोल पोर्टला ‘पीएस/२’ हे नाव पडले. १९९६ साली अवतरलेल्या यूएसबीने पुढे त्याची जागा घेतली असली, तरी डेस्कटॉपच्या काही मदरबोर्डांवर हे जांभळ्या-हिरव्या रंगाचे पोर्ट अजूनही आढळते आणि त्याच्याविषयी परस्परविरोधी समजुती तितक्याच ठामपणे सांगितल्या जातात.

गैरसमज : पीएस/२ कीबोर्ड यूएसबीपेक्षा नेहमीच वेगवान असतो.

वस्तुस्थिती : पीएस/२ कीबोर्ड कळ दाबताच स्वतःहून प्रोसेसरचे लक्ष वेधतो, ज्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात, यूएसबीमध्ये मात्र संगणकच उपकरणाला ठरावीक अंतराने विचारणा करतो, ज्याला ‘पोलिंग’ म्हणतात. या समजुतीचा उगम याच फरकात आहे. परंतु पीएस/२ची तार मुळात संथ असून, तिच्यावरून एक बाइट, म्हणजे सुरुवातीच्या, तपासणीच्या व शेवटच्या बिटांसह ११ बिट, जाण्यास सुमारे एक मिलीसेकंद लागतो. याउलट मंद वर्गातील यूएसबी कीबोर्डला साधारण ८ ते १० मिलीसेकंदांनी विचारणा होत असली, तरी त्याहून वेगवान वर्गात हे अंतर एक मिलीसेकंद किंवा त्याहूनही कमी असू शकते. शिवाय कळ दाबल्यावर धातूचे संपर्क क्षणभर थरथरतात आणि ती थरथर गाळून काढण्यात अनेक कीबोर्डांचे काही मिलीसेकंद खर्ची पडतात, त्यामुळे पोर्टमधला हा फरक बहुधा जाणवत नाही. माउसच्या बाबतीत तर जुने पोर्ट स्पष्टपणे मागे पडते. पीएस/२ माउस आपली हालचाल सेकंदाला जास्तीत जास्त २०० वेळा कळवू शकतो, तर खेळांसाठीचे यूएसबी माउस ती सर्रास १००० वेळा कळवतात.

गैरसमज : यूएसबीवर एका वेळी सहाच कळा ओळखल्या जातात.

वस्तुस्थिती : ही मर्यादा यूएसबीची नसून ‘बूट प्रोटोकॉल’ या साध्या पद्धतीची आहे. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी बायोसलाही कीबोर्ड समजावा म्हणून तिच्यात आठ बाइटांचा ठरावीक अहवाल योजलेला असून, शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा वगळता त्यात सहा कळांचीच सोय आहे. तथापि कीबोर्ड स्वतःच्या अहवालाची वेगळी रचना संगणकाला कळवू शकतो आणि अनेक कीबोर्ड त्या मार्गाने सर्व कळा एकाच वेळी नोंदवतात. स्वस्त कीबोर्डात कळांच्या उभ्या-आडव्या जाळीत डायोड बसवलेले नसल्याने काही कळा एकत्र दाबता येत नाहीत आणि हा दोष पीएस/२ पोर्ट वापरूनही दूर होत नाही.

गैरसमज : छोटा अडॅप्टर लावला की कोणताही यूएसबी कीबोर्ड पीएस/२ पोर्टवर चालतो.

वस्तुस्थिती : असा अडॅप्टर केवळ तारा जोडतो, संदेशांचे रूपांतर करत नाही. त्यामुळे उपकरणातील चिपला दोन्ही पद्धती येत असतील तरच तो उपयोगी पडतो, अन्यथा स्वतःची चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

गैरसमज : संगणक चालू असताना दोन्ही पोर्टांतील वायर काढता-घालता येते.

वस्तुस्थिती : यूएसबीची रचनाच त्यासाठी केलेली आहे. पीएस/२ची तशी नसल्याने मध्येच जोडलेले उपकरण अनेकदा संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय ओळखले जात नाही आणि जुन्या मदरबोर्डांवर पोर्टचा फ्यूज उडण्याचाही धोका असतो.

गैरसमज : जितके नवे पोर्ट, तितके चांगले.

वस्तुस्थिती : निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावलेला साधा कीबोर्ड त्यातील यूएसबी २च्याच तारा वापरतो. उलट यूएसबी ३च्या संदेशवहनातून निर्माण होणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या वायरलेस माउसला अडथळा आणू शकतो, म्हणून त्याचा रिसीव्हर अशा पोर्टपासून दूर असलेला बरा. जुने पोर्टही निरुपयोगी ठरलेले नाही, कारण माहितीची चोरी टाळण्यासाठी यूएसबी बंद ठेवणाऱ्या यंत्रणांत, तसेच यूएसबीचा ड्रायव्हर नसलेली जुनी सिस्टिम बसवताना, पीएस/२ कीबोर्डच कामी येतो.

माउससाठी यूएसबी निवडावे, कीबोर्डसाठी आधी त्याची स्वतःची बांधणी पाहावी आणि पीएस/२ पोर्ट अशा विशिष्ट गरजेसाठी राखावे, हा यातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष होय.