कर्जतच्या हॉलमध्ये समुद्र? थोडं थांबा, बॉस!

मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराची स्वप्नं ठरलेल्या क्रमाने येतात. आधी वन बीएचके, मग गाडी आणि मग कर्जत नाहीतर खालापूरच्या बाजूला छोटासा का होईना, स्वतःचा बंगला. शुक्रवारी लॅपटॉप मिटायचा, घाटाखालचं ते हिरवं जग गाठायचं आणि शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन माथेरानच्या डोंगराकडे बघत बसायचं. बंगला झाला की पुढचा प्रश्न येतो. हॉलमधल्या त्या मोठ्या भिंतीचं काय करायचं?

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं उत्तर तयार होतं. "रीफ टँक! सहा फुटांचा. निळा लाइट, डुलणारे कोरल आणि मधोमध निमो." २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' आला तेव्हा हा कॉलेजात होता. तेव्हापासून तो केशरी-पांढरा मासा याच्या डोक्यात पोहतोय. त्याच्याही आधी, मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय शाळेच्या सहलीत बघितलेलं होतंच. बायकोने शांतपणे एवढंच विचारलं, "आणि सोमवार ते शुक्रवार त्यांच्याकडे बघणार कोण?"

या एका प्रश्नावर आम्ही अख्खा वीकएण्ड घालवला, कागद-पेन्सिल घेऊन. तुमच्याही डोक्यात असं काही शिजत असेल, तर चेकबुक काढण्याआधी हा हिशेब वाचा.

आधी वजन काढा

सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी म्हणजे ३० घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे झाले सुमारे ८५० लिटर. फिल्टर आणि पंप लपवायला खालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी लागते, तिला संप म्हणतात. तिचं पाणी धरलं की आकडा जातो हजार लिटरवर. त्यात जाड काच, दगड, स्टँड मिळवा. एकूण वजन १४०० किलोच्या आसपास, आणि तेही दीड चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर.

आता तुलना बघा. राहत्या घराची स्लॅब डिझाइन करताना भारतीय मानकानुसार वापराचा भार धरतात चौरस मीटरला साधारण २०० किलो. तुमची टाकी त्याच्या पाचपट! म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या बेडरूमचा विचार सोडून द्या. बंगल्याचा तळमजला जमिनीवर असतो, ही कर्जतची मोठी सोय. तरीही खालचा भराव नीट दाबलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. जमीन एका कोपऱ्यात जराशी बसली तरी काचेच्या जोडांवर ताण येतो. हजार लिटर खारं पाणी सोफ्याखाली वाहताना बघायचं नसेल, तर ही फी वाचवू नका.

खारं पाणी आणायचं कुठून?

रायगड म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्र येतो. पण कर्जत-खालापूर हे डोंगराच्या पायथ्याचं रायगड. इथे उल्हास, पेज आणि पाताळगंगा. "अलिबागहून कॅन भरून आणू की!" ही आयडिया आमच्या मित्रालाही सुचली होती. पण किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते दिसत नाही, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी येऊन त्याचा खारेपणा उतरतो.

म्हणून समुद्र घरीच कालवायचा. बोअरचं पाणी आरओ आणि त्यापुढच्या डीआय फिल्टरमधून काढायचं, त्यातले क्षार जवळपास शून्यावर आणायचे आणि मग खास सागरी मीठ मिसळायचं. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे पहिल्याच दिवशी ३५ किलो. किचनमधलं मीठ इथे कामाचं नाही, कारण प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही लागतं. आणखी एक गोष्ट. आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर फेकतो. मे महिन्यात आजूबाजूच्या वाड्यांवर हंडे घेऊन फिरावं लागतं, हे लक्षात ठेवा. ते फेकलेलं पाणी साठवायची आणि बागेला घालायची सोय पहिल्या दिवसापासून करा.

पाणी नुसतं भरूनही भागत नाही. एवढ्या टाकीतून दिवसाला दहा-बारा लिटर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. पाच दिवस कोणी पाणी घातलं नाही, तर साठ लिटर गेले आणि ३५ चा खारेपणा ३७ च्या पुढे सरकला. तुम्ही शनिवारी हसत दार उघडता तेव्हा आतली मंडळी आठवडाभर तहानलेली असतात. त्यावर उपाय म्हणजे ऑटो टॉप-अप. पातळी खाली गेली की छोटा पंप गोडं पाणी आपोआप घालतो.

साहेब, लाइट गेली तर?

रीफ टँकला २५ ते २७ अंश तापमान लागतं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी गाठतो. प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला रंगही देतं, बरंचसं अन्नही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. खुल्या समुद्रात जे घडतंय तेच बंद हॉलमध्ये फार लवकर घडू शकतं. म्हणून चिलर हवाच.

विजेचाही हिशेब करा. पंप, स्किमर आणि लाटा करणारे वेव्हमेकर मिळून दीडशे वॉट, चोवीस तास. दिवे तीनशे वॉट, नऊ तास. सातशे वॉटचा चिलर आठ तास. बेरीज येते दिवसाला बारा युनिटच्या जवळ, महिन्याला साडेतीनशेच्या वर. आणि हे बिल तुम्ही बंगल्यावर नसतानाही चालूच!

हे आकडे मांडत असताना केअरटेकर काका चहा घेऊन आले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, पावसात फांदी पडली की रात्रभर लाइट येत नाय. मग ह्यांचं काय?"

खालापूर तालुक्यातल्याच खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, मुंबईच्या गिरण्या या पायथ्याच्या विजेवर धावल्या. पण तुमच्या बंगल्यापर्यंतची शेवटची तार जुलैच्या वाऱ्यात झाडांमधूनच येते. पंप थांबला की पाणी हलत नाही, हललं नाही की ऑक्सिजन घटतो, आणि भरलेल्या टाकीत काही तासांतच मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. दीडशे अँपिअर-अवरची एक चांगली बॅटरी साठ वॉटचे पंप रात्रभर ओढू शकते. चिलर मात्र त्यावर चालवू नका. इन्व्हर्टरवर आधी पाण्याची हालचाल, बाकी सगळं नंतर.

कोरल म्हणजे शोपीस नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. मित्र एका दुकानात चौकशीला गेला तेव्हा त्याला हळूच सांगण्यात आलं, "कोरल मिळेल. सगळेच ठेवतात."

सगळे ठेवत असतील, पण कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आले. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडेही आले. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळ तिथेच आहे. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा समुद्रातला दगडही बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो, तेव्हा तोही नको.

हा कायदा किती गंभीरपणे पाळावा लागतो ते मुंबईतच दिसलं. कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या अठरा छोट्या वसाहती सापडल्या. त्या हलवायला महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या दुसऱ्या जागी नेल्या गेल्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला अठरा वसाहतींसाठी थांबावं लागतं, तर आपण कोण?

निमोची गोष्ट मात्र वेगळी. क्लाउनफिशची पैदास टाकीत करता येते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र आपल्याकडे बसवलंय. म्हणून विकत घेताना एकच विचारा, हा मासा टाकीत जन्मलाय का? आणि गंमत ऐका. सगळे क्लाउनफिश जन्माला नर म्हणूनच येतात, जोडीतली मादी गेली की नराची मादी होते. सिनेमा निसर्गाच्या नियमाने चालला असता, तर निमोचे बाबा थोड्याच दिवसांत आई झाले असते!

एक पावसाळा रिकामा

मग मित्राने काय केलं? टाकी घेतली, पण कोरल कायमचं यादीतून काढलं. सिरॅमिकचे मानवनिर्मित दगड रचले, खारं पाणी भरलं आणि बायकोची अट मान्य केली: पूर्ण एक पावसाळा टाकी मासे न सोडता चालवायची.

तशीही सुरुवातीला घाई चालत नाहीच. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. इथे ते चार महिने झाले.

काकांना तापमान आणि खारेपणा मोजायला शिकवलं आणि या कामाचे वेगळे पैसे ठरवले. हे विसरू नका. वीकएण्ड होममधल्या टाकीचा खरा मालक तुम्ही नसताच, तिथे रोज असणारा माणूस असतो. काकांनी एक वही घातली. जूनमध्ये दोनदा रात्रभर लाइट गेली. पहिल्यांदा इन्व्हर्टरला टाकीची लाइन जोडलेलीच नाही, असं लक्षात आलं. दुसऱ्यांदा पंप सकाळपर्यंत चालले. जुलैत टॉप-अपचा फ्लोट अडकला आणि संप भरून वाहिला. टाकी भरलेली असती तर या प्रत्येक ओळीसमोर मेलेल्या माशांची संख्या लिहावी लागली असती. वहीत फक्त "फरशी पुसली" एवढंच आहे.

दिवाळीनंतर दोन क्लाउनफिश आले, टाकीत जन्मलेले. दोनच. सहा फुटांच्या टाकीत दोन बोटभर मासे बघून पाहुणे विचारतात, "बस, एवढेच?"

आणि खरं कोरल बघायचंय? २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला लोकांना मुंबईचे खडक दाखवत आली आहेत. मालवणला तर पाण्यात डोकं घालून बघता येतं. फक्त हात लावू नका. मित्र गेल्या हिवाळ्यात मालवणला जाऊन आला. परत आल्यावर फोन केला तो आधी काकांना.

"काका, पाणी किती?"

"सव्वीस, साहेब. दोघं जेवली."