दातवण ते व्हेनीअर : हसू सुधारण्याआधी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं दातांवर बोलावं, याचं काहींना हसू येईल. हरकत नाही, आजचा विषय हसण्याचाच आहे. परंड्यात आता मुलं-मुली लग्न ठरलं की बार्शी-सोलापूरला जाऊन ‘स्माइल’ करून घेण्याचं बोलतात. ते चूक आहे, असं आम्ही म्हणणार नाही. हसताना तोंडावर पदर किंवा हात धरावा लागणं हे दुःख खरंच असतं. प्रश्न एवढाच, की सुधारायचं नेमकं काय, आणि त्यासाठी द्यायचं काय?

आपल्या आजी-पणजीच्या काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करत. काळेभोर दात हे रूपाचं आणि सौभाग्याचं लक्षण मानलं जाई. हिरड्यासारख्या तुरट वस्तूत हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळला की काळा रंग धरतो, ही त्यामागची युक्ती. जपानातही हीच चाल होती; तिथल्या सरकारनं 1870 साली उमरावांना ती बंद करायला लावली. म्हणजे बघा, ‘सुंदर दात’ कोणते हे काळ ठरवतो. आज पांढरे, उद्या आणखी काही. पण एक गोष्ट काळावर अवलंबून नाही. दाताचं वरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते एकदा घासून काढलं की पुन्हा उगवत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. म्हणून उपाय निवडताना आपण एकच कसोटी लावू : उद्या मन बदललं, तर हे मागे घेता येईल का?

आधी डाग कुठला ते ओळखायचं. चहा, पान, तंबाखू, मिश्री यांचा डाग दाताच्या वर बसतो. दंतवैद्यानं दात साफ करून पॉलिश केले की तो बहुतेक निघतो. कित्येकांचं काम इथंच संपतं, आणि कवचही शाबूत राहतं. मात्र मिश्री सुटली नाही तर डाग परत येणारच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री काही थांबलेली नाही.

दुसरा डाग दाताच्या आतला. लहानपणी बोअरच्या पाण्यातून फ्लोराइड जास्त गेलं की दातांवर पांढुरके किंवा तपकिरी पट्टे उमटतात. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांचा हा जुना त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, अशी मर्यादा आहे. हे पट्टे कितीही घासलं तरी जात नाहीत, कारण दात घडतानाच ते आत पडलेले असतात. ज्याचे दात असे आहेत त्याला ‘दात घासत नाहीस का?’ म्हणून हिणवणं हा शुद्ध अन्याय आहे.

आतल्या डागांसाठी पहिली पायरी ब्लीचिंग. यात पेरॉक्साइडचं औषध वापरतात. दवाखान्यात करतात, किंवा दातांच्या मापाचा साचा देऊन रात्री घरी लावायला सांगतात. काही दिवस दात शिवशिवतात, आणि रंग कायमचा टिकत नाही. सिमेंट किंवा कॅप यानं पांढरी होत नाही, हेही लक्षात ठेवा. घरी लिंबू-मीठ चोळणं मात्र ब्लीचिंग नव्हे; आम्लानं कवचच झिजतं.

दुसरी पायरी बाँडिंग. तुटलेला कोपरा किंवा दोन दातांतली फट दातांच्याच रंगाच्या लेपानं भरतात. दाताला सौम्य आम्ल लावून पकड घ्यायची ही पद्धत बुओनोकोर या संशोधकानं 1955 साली मांडली. यात दात फार थोडा घासावा लागतो, कधी अजिबात नाही. पण लेप काही वर्षांनी रंगतो, टवका उडतो, दुरुस्ती लागते. दात वाकडे असतील तर तारा किंवा अलायनर. त्यात वेळ जातो आणि नंतर रिटेनर लावावा लागतो, पण दात आपलाच राहतो.

तिसरी पायरी व्हेनीअर, म्हणजे दातावर बसवलेली चिनीमातीची पातळ चकती. दिसायला सुरेख. पण बहुधा त्यासाठी पुढचं कवच साधारण अर्धा मिलिमीटर तासावं लागतं. कॅपसाठी तर दात चहूबाजूंनी घासतात. किडलेल्या, मोडलेल्या दाताला कॅप म्हणजे आधार. पण विशीतल्या मुलीचे सहा निरोगी दात केवळ लग्नाच्या फोटोंसाठी घासले, तर त्या कॅप तिला आयुष्यभर पुन्हा पुन्हा बदलून घ्याव्या लागणार. हा निर्णय लग्नघाईत, आणि सासरच्यांना काय वाटेल या धास्तीनं घेऊ नये.

म्हणून दंतवैद्यांना तीन प्रश्न जरूर विचारा : यापेक्षा कमी घासून काम होईल का? हे किती वर्षं टिकेल? नंतर पुन्हा काय करावं लागेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि शेवटचं. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यानं पांढऱ्या दातांच्या आधी तोंड तपासून घ्यावं. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही असेल तर सौंदर्याची गोष्ट नंतर. आधी डॉक्टर गाठा.

आपले दात दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सवय आपल्याला पणजीच्या काळापासून आहे. पणजीनं दात काळे केले, तरी त्यासाठी ते तासून घेतले नव्हते. एवढा हिशेब आपणही ठेवू.