ज्वारीची वडी आणि कैरीचा गुळांबा

ओट हे थंड हवेचे धान्य. नंदुरबार जिल्ह्यात ते दुकानातल्या पुड्यात भेटते. शेतात दिसते ती ज्वारी. ओटचे दोन थर, मध्ये फळाचे सारण, अशी भाजलेली वडी बेकरीत मिळते. ती ज्वारीची होईल का, हे पाहावे म्हणून आम्ही प्रयोग केला आणि पहिल्याच खेपेस फसलो. सारण म्हणून पिकल्या आंब्याचा रस घातला होता. वरचा थर खुसखुशीत झाला, खालच्याची मात्र लापशी!

दोष कुणाचा? ज्वारीत ग्लूटेन नसते, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळावे लागते, हे आपण जाणतोच. पण वडीला ग्लूटेन नकोच असते; त्याने ती चिवट होईल. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय पदार्थ भरपूर असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि बुळबुळीत होऊन कण सांधतो. ज्वारीत तो फारच कमी. म्हणजे पाणी थरात उतरण्यापूर्वी सारणातच अडवायला हवे.

पाणी काढून टाकण्याची एक रीत सातपुड्यात जुनीच आहे. धडगाव-अक्कलकुवा भागात उन्हाळ्यात कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करतात. दुसरी रीत घरोघरची, गुळांब्याची. तिच्यात थोडे पाणी आटते. उरलेले गुळातली साखर आपल्याशी बांधून ठेवते. कैरीत पेक्टिनही असते आणि आम्लही. भरपूर साखर व आम्ल मिळाले की पेक्टिनचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे तयार होते, आणि पाणी त्यात अडकते. थंड ताटलीवर टाकलेला थेंब पसरला नाही, की गुळांबा झाला.

दोन वाट्या जाडसर ज्वारीचे पीठ कोरडे भाजून घ्या. त्यात पाऊण वाटी तूप चोळा (तुपाचा लेप कणांना ओलाव्यापासून बराच वाचवतो), मग अर्धी वाटी गूळ आणि गरम पाण्याचा हबका. निम्मे डब्यात घट्ट दाबा, वर वाटीभर गुळांबा, त्यावर उरलेले पीठ. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून डबा तिच्यावर ठेवा आणि झाकण घाला. तापलेली वाळू शिक्षकांनीच हाताळावी.

आता गंमत पाहा. डबा एकच, पण आत तापमाने दोन. पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे 140 अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेथे साखर व अमिनो आम्लांची अभिक्रिया होऊन तांबूस रंग व खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी 1912 मध्ये वर्णिलेली हीच ती अभिक्रिया. सारणात मात्र पाणी असेतो ते शंभराच्या थोडेच वर जाते. म्हणून मधला थर करपत नाही.

वडी गरम असताना कापली तर भुगाच होईल. पेक्टिनचे जाळे, तूप आणि गूळ, तिन्ही थंड झाल्यावरच आवळतात. आणि सीताफळाचा मोह टाळा. त्याचा गर तापवला की कडवट होतो. एका डब्याची किंमत देऊन आम्ही तेही शिकलो.