तारापूरची नोंदवही, लातूरची डाळमिल

कारखाना नीट चालवला तर उत्पादन खरोखर वाढतं का? प्रश्न बाळबोध वाटेल. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत त्याला पुराव्यानिशी उत्तर देणं अवघड होतं. नीट चालणारे कारखाने नफ्यात असतात हे सगळ्यांना दिसत होतं. मात्र नीट चालवल्यामुळे नफा होतो, की नफा असल्यामुळे नीट चालवणं परवडतं, हे वेगळं काढता येत नव्हतं. ही गाठ सुटली ती आपल्या राज्यातल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि जवळच गुजरात हद्दीतल्या उंबरगावात. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच संशोधकांनी 2008 साली तिथल्या सुती कापड विणणाऱ्या 17 कंपन्यांच्या 28 गिरण्यांवर अभ्यास सुरू केला. त्यातल्या 11 कंपन्यांना पाच महिने सल्लागार दिले. पहिला महिना तपासणीचा, पुढचे चार महिने सुधारणा अमलात आणण्याचे. उरलेल्या 6 कंपन्यांत फक्त तपासणी झाली. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरावं तसं ठरवलेलं असल्यामुळे पुढे दिसलेला फरक नशिबाच्या किंवा मालकाच्या हुशारीच्या खात्यावर टाकता येणार नव्हता.

सल्लागारांनी तिथे काय केलं, हे मराठवाड्यातल्या उद्योजकानं वाचलं तर पहिल्यांदा त्याची निराशा होईल. नवं यंत्र नाही, नवं भांडवल नाही. गिरणीत जमिनीवर तेल-कचरा पडलेला, सुताचे कोन रंग आणि वजनाचा मेळ न लावता गोदामात ढिगानं टाकलेले, माग बंद पडल्यावरच त्याला हात लावण्याची रीत, कापडातले दोष माणसं नेमून हातानं दुरुस्त करायचे पण तो दोष कुठल्या मागावर आणि कशामुळे आला हे कुठेही लिहायचं नाही. संशोधकांनी अशा 38 साध्या सवयींची यादी केली : मागाची ठरल्या दिवशी देखभाल, दोषांची रोजची नोंद, ती नोंद घेऊन रोज सकाळी बैठक, शिल्लक सुताचा हिशेब, चांगल्या कामाला बक्षीस. सुरुवातीला या यादीतल्या साधारण चौथा हिस्सा सवयी गिरण्यांत होत्या. सल्ला मिळालेल्या गिरण्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षात 17 टक्क्यांनी वाढली. वार्षिक नफा गिरणीमागे 3 लाख डॉलरांहून जास्त वाढला असावा असा लेखकांचा अंदाज आहे. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी जास्त गिरण्याही उघडल्या. हा निबंध 2013 साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभरच्या बिझनेस स्कूलांत शिकवला जातो.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग आकड्यांचा वाटत नाही. इतकं साधं असताना मालकांनी ते आधी का केलं नाही, हा खरा प्रश्न. पैसे नव्हते म्हणून नव्हे. काही गोष्टी त्यांना माहीतच नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांचा आपल्या धंद्याला उपयोग होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आमचा माल इतरांच्या मालासारखाच आहे, मग दर्जाची नोंद कशाला, असं म्हणणारा मालक वाईट नसतो. शेजारच्यापेक्षा आपण मागे नाही एवढंच त्याला दिसतं, आणि शेजारीही नोंद ठेवत नाही. स्पर्धेनं असे कारखाने बंद का पडत नाहीत, याचंही उत्तर या अभ्यासात आहे. कंपनी किती मोठी होईल हे तिच्या कार्यक्षमतेपेक्षा मालकाच्या घरात विश्वासाचे पुरुष किती आहेत यावर ठरत होतं. तिजोरी, खरेदी आणि मोठे निर्णय बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती द्यायचे नाहीत, कारण त्यानं माल उचलला तर कोर्टात दाद मिळायला वर्षं जातात. दोन मुलगे असले तर दुसरी गिरणी, नसले तर धंदा तिथंच थांबतो.

लातूरच्या मार्केट यार्डाशी ज्याचा कधी संबंध आला, त्याला हे वाचून तारापूर परकं वाटणार नाही. आडत, डाळमिल, तेलाचा कारखाना, सोयाबीनची खरेदी हे सगळं घराण्यांच्या हातात आहे. एक भाऊ आडतीवर, एक मिलवर, एक मुंबई-दिल्लीच्या सौद्यावर. मुनीम तीस वर्षांचा जुना असला तरी सही मालकाचीच. या व्यवस्थेनं लातूरला तुरीच्या बाजारात नाव मिळवून दिलं, तिला कमी लेखण्याचं कारण नाही. पण घरातला मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि मुलीला कुणी मिलचा हिशेब विचारत नाही, अशा घरात मिल तेवढ्यापुरतीच राहते. घरातले पुरुष मोजताना मुली वगळणं ही आपली फार जुनी आणि फार महाग पडणारी चूक आहे.

ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन यांनी तारापूरच्या अभ्यासाआधी, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतल्या कारखान्यांचं मोजमाप केलं होतं. त्यातही थोरल्या मुलाकडे परंपरेनं कारभार गेलेल्या कंपन्या व्यवस्थापनात मागे निघाल्या. मालकी घरात असणं हा दोष नव्हता. खुर्ची वयावर ठरणं हा दोष होता.

आता तारापूरच्या गोष्टीचा दुसरा भाग, जो पहिल्याइतका सांगितला जात नाही. संशोधक 2017 साली पुन्हा त्या गिरण्यांत गेले. सुरू केलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. तरीही सल्ला मिळालेल्या आणि न मिळालेल्या गिरण्यांत ठळक फरक शिल्लक होता, आणि एकाच कंपनीच्या इतर गिरण्यांत त्या सवयी बऱ्याच पसरल्या होत्या. दुसऱ्या कंपन्यांकडे मात्र त्या फारशा गेल्या नाहीत. सवयी सुटण्याचं एक कारण व्यवस्थापक बदलणं, दुसरं मालकाला वेळ नसणं. हीच कथा त्याआधी अर्धं शतक अहमदाबादेत घडून गेली होती. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 साली कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये कामाची रचना बदलली. एकेका कामगाराला एकेक तुकडा देण्याऐवजी मागांचा एक गट एका छोट्या टोळीकडे सोपवला. उत्पादन वाढलं, नुकसान घटलं. 1970 च्या सुमारास एरिक मिलर पुन्हा तिथे गेले, तेव्हा एका शेडमध्ये ती रीत टिकली होती, इतरत्र विरली होती. त्याच शहरात 1947 साली विक्रम साराभाईंच्या पुढाकारानं अटिरा ही कापड संशोधन संस्था उभी राहिली होती आणि कमला चौधरी तिथे गिरणी कामगारांच्या मनोबलाचा अभ्यास करत होत्या. गिरणीच्या आवाजात उभं राहून संशोधन करण्याची परंपरा या देशात परदेशातून आलेली नाही.

नांदेडकरांना गिरणीचं वेगळं सांगायला नको. निजामाच्या राजवटीत उभी राहिलेली उस्मानशाही मिल त्यांच्या पिढ्यांनी पाहिली, तिचा भोंगा ऐकला आणि तिचं बंद पडणंही पाहिलं. कापसाची बाजू मात्र टिकली. एनएचएच-44, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचं ‘नांदेड-44’, हे संकरित वाण इथल्याच कापूस संशोधन केंद्रानं 1980 च्या दशकात दिलं. बियाण्यावर आपण जागतिक तोलाचं काम केलं. जिनिंगमध्ये गाठ बांधेपर्यंत काय वाया जातं, यावर तितकं मन लावून काम झालेलं माझ्या वाचनात नाही.

कामगारांच्या बाजूनं पाहिलं तर या संशोधनाचा आणखी एक धागा आपल्याला फार जवळचा आहे. पाकिस्तानात सियालकोटला फुटबॉल बनवणाऱ्या कारखान्यांना संशोधकांनी कृत्रिम कातडं वाचवणारा नवा साचा फुकट दिला. कारखान्यांनी तो वापरला नाही. कातडं कापणाऱ्याला नगावर मजुरी होती. नवा साचा सुरुवातीला हात मंदावणार, आणि वाचलेल्या कातड्याचा पैसा मालकाला मिळणार. म्हणून कामगारांनी मालकाला सांगितलं, साचा चालत नाही. मग काही कारखान्यांत कामगाराला साधारण महिन्याच्या कमाईइतकी रक्कम देऊ केली, आणि साचा वापरात येऊ लागला. यार्डातला हमाल पोत्यावर मजुरी घेतो, ऊसतोडीचा कोयता टनावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, आधी घेतलेली उचल मुकादमाकडे फिरेपर्यंत हंगाम निघून जातो. वेग कमी करणारी कुठलीही सुधारणा त्यांच्यावर लादली तर ती त्यांच्या पोटावर येते. ओडिशातल्या मजुरांवरचा अभ्यास सांगतो की, सोबत्याला जास्त मजुरी का मिळते हे डोळ्यांना दिसत नसेल तर माणूस कमी काम करतो, खाडेही करतो. फरकाचं कारण उघड दिसत असेल तर तक्रार राहत नाही. आणि उन्हाळा! भारतीय कारखान्यांच्या आकडेवारीवरून अनंत सुदर्शन, ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्षाचं तापमान एका अंशानं वाढलं तर कारखान्याचं उत्पादन सुमारे 2 टक्क्यांनी घटतं. मे महिन्यात पत्र्याखाली मिल चालवणाऱ्या लातूर-नांदेडसाठी छताला पांढरा रंग, पंखा आणि पाण्याची सोय हे व्यवस्थापनाचेच विषय आहेत.

विद्यापीठं आपल्याकडे आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून नांदेडला आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. विष्णुपुरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय त्याहून जुनं. व्यवस्थापनातले प्रबंध राज्यभर लिहिले जातात, पण त्यातले पुष्कळसे एकाच वाटेनं जातात : शंभर-दोनशे प्रश्नावल्या, ‘समाधानी’ ते ‘अत्यंत असमाधानी’ असे पाच पर्याय, शेवटी तक्ते. माणूस काय म्हणतो ते त्यात सापडतं. मिल किती तास बंद होती, किती खंडा, म्हणजे तुटलेली डाळ, निघाला, डाळीला तेल-पाणी देऊन वाळवताना पावसानं किती लॉट खराब झाले, हे सापडत नाही. विद्यार्थ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला मिलच्या आत कुणी नेत नाही आणि मालक वही दाखवत नाही.

मालकानं वही दाखवावी यासाठी त्याला त्यातून काही परत मिळालं पाहिजे. कोलंबियात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांवरचा एक प्रयोग इथे कामी येईल. एकेका कारखान्याला स्वतंत्र सल्लागार देणं आणि काही कारखान्यांच्या गटाला मिळून सल्ला देणं, दोन्ही करून पाहिलं. गटाचा खर्च साधारण एक तृतीयांश, आणि परिणाम निदान तितकाच चांगला. लातूरच्या आठ-दहा डाळमिलवाल्यांनी एकत्र यावं, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन अशा दोन विभागांतले विद्यार्थी हंगामभर त्यांच्याकडे राहावेत, रोज चारच गोष्टी लिहाव्यात : किती तूर आली, किती डाळ, किती खंडा, आणि यंत्र किती वेळ का थांबलं. नफ्याचा आकडा कुणी मागू नये. हमालाची आणि मिलकामगाराची मजुरी नोंदीमुळे कमी होणार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरावं. नोंद एका कुटुंबाच्या नावावर नको, म्हणजे व्यवस्थापक गेला तरी वही राहील.

दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी यार्डात नव्या खतावण्यांची पूजा होते. तुरीची आवक डिसेंबर-जानेवारीत सुरू होते. मधल्या काळात यंत्रांची देखभाल उरकता येते आणि विद्यार्थ्यांची निवडही. यंदाचा हंगाम गाठायचा असेल तर ज्यांच्याकडे मिल आहे आणि ज्यांच्याकडे विभाग आहे, त्यांनी नोव्हेंबरातच एकमेकांकडे जायला हवं.