८७८ लाख कोटी जोड्या

२०१३-१४च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात ५.८५ कोटी आस्थापना मोजल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ७२ टक्क्यांमध्ये पगारी माणूस एकही नव्हता. मालक तोच, नोकरही तोच. दारोदार फिरून केलेली अशी मोजणी जाहीर होईस्तोवर शिळी झालेली असते. म्हणून सांख्यिकीवाल्यांना मोह पडतो तो सरकारदरबारी आयत्या पडलेल्या नोंदींचा: जीएसटी, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, कंपनी निबंधक, उद्यम, गुमास्ता. सगळं एकत्र करा, की झाली देशातल्या धंद्यांची नोंदवही!

करून बघा. जीएसटीतले नोंदणीकृत करदाते दीड कोटीच्या आसपास. समजा, त्यांची या ५.८५ कोटींशी सांगड घालायची आहे. प्रत्येक नोंद प्रत्येक नोंदीशी ताडायची, तर जोड्या होतात सुमारे ८७८ लाख कोटी. सेकंदाला १० लाख जोड्या ताडणारं यंत्र लावलं तरी जवळजवळ २८ वर्षं लागतील. यावरची युक्ती अगदी साधी आहे. एकाच पिनकोडमधल्या नोंदी तेवढ्या एकमेकींशी ताडायच्या. देशात पिनकोड १९ हजारांच्या घरात आहेत; नोंदी सगळीकडे सारख्या वाटल्या गेल्यात असं धरलं, तर २८ वर्षांचं काम १३ तासांत उरकतं. तशा त्या नसतातच म्हणा. मुंबईच्या फोर्टातला ४००००१ आणि गडचिरोलीतला एखादा पिन यांची बरोबरी कशी व्हायची? शिवाय पिनचा एक आकडा चुकला, की ती जोडी हुकलीच.

बरं, पिन जुळला, तरी नावाचं काय? एखादी ‘श्री महालक्ष्मी ट्रेडिंग अँड कंपनी’ घ्या. रोमन लिपीत ‘श्री’ तीन तऱ्हांनी लिहितात, ‘लक्ष्मी’ किमान चार तऱ्हांनी. ‘अँड’ कधी अक्षरी, कधी चिन्हाने. ‘कंपनी’ कधी पूर्ण, कधी नुसती ‘कं.’. गुणाकार केला तर एकाच पेढीची ४८ नावं झाली, आणि टायपिंगच्या चुका अजून धरलेल्याच नाहीत. त्यात पुढच्या गल्लीत दुसरी महालक्ष्मी असतेच.

यातून बरंचसं सोडवतो तो पॅन. जीएसटीचा क्रमांक १५ खुणांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढच्या दहा खुणा म्हणजे चक्क पॅन. तेरावी खूण त्या राज्यात त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते सांगते, चौदावी बहुधा ‘झेड’ आणि शेवटची पडताळणीची. पॅनचं चौथं अक्षर ‘सी’ असेल तर कंपनी, ‘पी’ असेल तर एकटा माणूस.

मात्र पॅन मालकाला ओळखतो, जागेला नाही. एकाच माणसाचं किराणा दुकान आणि पिठाची गिरणी एकाच पॅनवर चालतात. स्टेट बँकेच्या शाखा २२ हजारांहून जास्त, पॅन एक, आणि जीएसटीची नोंदणी राज्यागणिक. मग बँक मोजायची एकदा, राज्यांइतक्या वेळा, की २२ हजार वेळा? कुठल्या तालुक्यात किती हातांना काम आहे हे हवं असेल, तर शाखाच मोजायला लागते. माझ्या मते खरी मेहनत इथे आहे, नावं जुळवण्यात नाही.

आणि धंदा सुरू करताना सगळे नोंद करतात, बंद पडल्यावर कळवायला कोण जातो? २०१७-१८मध्ये निबंधकांनी २.२६ लाख कंपन्यांची नावं यादीतून काढली, कारण दोन किंवा जास्त वर्षं त्यांनी विवरणपत्रंच भरली नव्हती. २०१६-१७मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचे लोक सेवाक्षेत्राच्या पाहणीसाठी कंपनी खात्याच्या यादीतले पत्ते घेऊन निघाले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या एक तर सापडल्या नाहीत, नाहीतर बंद तरी होत्या, नाहीतर त्यांचा धंदा भलताच निघाला. देशाच्या जीडीपीतला खासगी कंपन्यांचा हिशेब २०१५पासून याच यादीच्या आधाराने चालला होता.

याउलट, जीएसटीच्या यादीत मुळातच नसलेले कितीतरी. २०२३-२४च्या पाहणीनुसार शेती आणि बांधकाम सोडून असंघटित आस्थापना ७.३४ कोटी. जीएसटीतले दीड कोटी सगळेच्या सगळे यांच्यातलेच धरले, तरी पावणेसहा कोटींहून अधिक उरतात.